मुलगे वाचतील, पण खेळता खेळता

नंदुरबारच्या बाजारपेठेत सायंकाळी एक दृश्य नित्य दिसते. शाळेतून परतलेला मुलगा वडिलांशेजारी दुकानाच्या गादीवर बसतो आणि गिऱ्हाईक नसले, की त्याचे डोळे मोबाईलवर खिळतात. बहिणीच्या हाती गोष्टीचे पुस्तक असते. त्याच्या हाती नसते. उद्या हाच मुलगा पेढी सांभाळणार आहे. करारपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याचा धीर ज्याच्या अंगी नाही, त्याच्या हाती पिढ्यांची पत सुरक्षित कशी राहील?

दोष केवळ मुलाचा नाही. कुलूपबंद कपाटे, ‘शांतता राखा’ ही पाटी आणि एका जागी बसण्याची सक्ती असलेले वाचनालय दहा वर्षांच्या चपळ मुलाला शिक्षेसारखे वाटते.

यावरील उपाय नवा नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात बालकांच्या विभागात पुस्तकांसोबत खेळांनाही स्थान होते, आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरत. अलीकडे, ४ मे २०१७ रोजी, सातारा जिल्ह्यातील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे घरे, शाळा, मंदिरे अशा २५ ठिकाणी पुस्तके मांडली गेली. वाचक पुस्तकाच्या शोधात गावभर हिंडतो. पाय चालतात आणि वाचनही घडते.

नंदुरबार, शहादा वा तळोद्यातील समाजभवनाची एक खोली यासाठी पुरेशी आहे. मुलांच्या हाताला येतील अशी उघडी, बुटकी फडताळे असावीत आणि पुस्तकांची मुखपृष्ठे समोर दिसावीत. खाली जाजम, एका कोपऱ्यात बुद्धिबळ, दुसऱ्यात कोडी, भिंतीवर तोरणमाळ व सारंगखेडा दाखविणारा जिल्ह्याचा नकाशा असावा. क्रिकेट, प्राणी, यंत्रे, सागरी सफरी, चरित्रे असे मुलांच्या आवडीचे विषय निवडावेत. हलक्या आवाजातील गप्पांना मनाई नसावी.

वाचनाला कृतीची जोड द्यावी. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, नंदुरबारमध्ये हुतात्मा झालेला शिरीषकुमार मेहता व्यापारी घरातीलच मुलगा होता. त्याची हकीकत वाचून मुलांनी त्याच्या स्मारकापर्यंत चालत जावे आणि तेथे प्रश्नमंजूषा खेळावी. असे वाचन विसरले जात नाही.

मात्र एक अट अनिवार्य आहे. आठवड्यातून एक तास वडिलांनीही त्याच जाजमावर पुस्तक उघडून बसावे. मुलगा उपदेश ऐकत नाही. तो वडिलांचे अनुकरण करतो.

ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांचे पूजन श्रद्धेने करतो. यंदा त्याच दिवशी मुलांसाठी एक फडताळ उघडले, तर ते पूजन वर्षभर चालू राहील.