झाकणाखालची जागा

तोंडवलीत एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मधे सुरूच्या बनाची वाळूची पट्टी. अशा वाळूत विहिरीला लागणारं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंप जास्त वेळ चालला की ते मचूळ होतं. इथली वाळू तांब्यात काठोकाठ भरा आणि वर पाणी ओता; तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं सहज मावतं.

तेलही दगडात असंच राहतं, भोकाभोकांत. खाली तळं वगैरे नसतं. हवेत सोडण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरायचा म्हटलं, तर तोही याच भोकांत. साधारण 800 मीटरांच्या खाली दाब आणि उष्णता इतकी असते की हा वायू द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेत पुष्कळ बसतो.

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, भर समुद्रात, विहिरी खोदणाऱ्या 'सागर सम्राट'ने 1974 साली मुंबई हायचं तेल शोधलं. 1976पासून ते बाहेर येऊ लागलं. ते आहे चुनखडीत, वर चिकणमातीच्या घट्ट दगडाचं झाकण. लाखो वर्षं त्या झाकणाने तेल आणि गॅस धरून ठेवला, यापेक्षा मोठी पावती कुठली? दाब उतरू नये म्हणून ओएनजीसी तिथे वर्षानुवर्षं पाणी आत दाबत आली आहे, तेव्हा ढकलण्याची विद्या काही नवी नाही. पण मुंबई हाय अजून तेल देतं आहे. वायू पुरण्यासाठी विचार झाला तो गुजरातच्या गंधार तेलक्षेत्राचा. कोयली रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड तिथे नेण्यासाठी 2019मध्ये ओएनजीसी आणि इंडियन ऑइलचा करार झाला. तेलात मिसळला की हा वायू ते पातळ करतो आणि अडकलेलं तेल वाहू लागतं. थोडक्यात, कार्बन पुरून पुन्हा तेलच काढायचं! मला हा हिशेब जरा खटकतो.

नॉर्वेने 1996पासून स्लाइपनर या गॅसक्षेत्रात हाच वायू खाऱ्या पाण्याच्या वालुकाश्मात सोडला, वर्षाला सुमारे दहा लाख टनांपर्यंत. अशा खाऱ्या थरांत जागा अफाट, पण त्यांच्या झाकणाने पूर्वी गॅस धरून दाखवलेला नसतो. जुन्या तेलक्षेत्राचं झाकण पारखलेलं, पण आपणच भोकं पाडलेलं. प्रत्येक तेलविहिरीत पोलादी नळी, भोवती सिमेंट. पाण्यात विरघळला की हा वायू सोड्यासारखा आंबट होतो आणि आंबट पाणी दोन्ही खातं. चुनखडीलाही सोडत नाही.

माझ्या हाती असतं तर वायू आत दाबायच्या पंपाची ऑर्डर देण्याआधी मी बंद केलेल्या तेलविहिरींची यादी मागवली असती: कुठली, कधी बुजवली, आणि सिमेंट किती खोल भरलं.