कबड्डीच्या तासाला वजन कोण बघतं?

पातुरात बोलताना आम्ही आधी कबड्डीच घेतो; साहित्य लागत नाही, म्हणून ती सगळ्याच शाळांत चालते. स्पर्धेत किशोर गटाला 16 वर्षं वयाबरोबर 55 किलो वजनाचीही मर्यादा असते. खेळाच्या तासाला मात्र आपण हजेरीपटावरून दोन संघ करतो. मग सातवीतलं 28 किलोचं पोट्टं 50 किलोवाल्याची पकड करायला जातं. चूक त्याची की आपली, सांगा बरं! संघ वजन बघून करा. नखं, कडं, गळ्यातला दोरा आधी तपासा. आणि आपली काळी माती! वाळली की भेगाळते. त्यात पाय अडकला की घोटा मुरगळलाच. म्हणून तासाआधी मैदान आपणच अनवाणी फिरून बघायचं. चढाईवाल्यावर चारपाच जण पडले, तर शिट्टी लगेच. गुण कोणाला, ते मग ठरवू.