चढाचा रस्ता आणि सायकल

बरखेडा ही भोपाळच्या भेल वसाहतीतील वस्ती. तेथून सायकलीने भोजपूरला निघालेला प्रवासी नर्मदापुरमच्या हमरस्त्याने जातो आणि ग्यारह मीलजवळ तो सोडून भोजपूरच्या फाट्याला लागतो. मंडीदीपच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या मालमोटारी तेव्हा मागे राहतात.

डोंगराळ मुलुखात निर्जन रस्ता ही केवळ चैन नव्हे. सपाटीवर सायकल सरळ धावते. चढावर मात्र वेग पायी चालण्याइतका उतरतो, तोल राखण्यासाठी चाक डावीउजवीकडे वळते, आणि नेमक्या त्याच वेळी मागून येणारी मोटार जिवावर बेतू शकते. म्हणून दहा किलोमीटरांचा फेरा पडला तरी गाडीवाटेचाच रस्ता धरणे शहाणपणाचे. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत, थांबून थांबून लावावेत. नाहीतर चाकाची कड तापते. पावसाळ्यात शेतांतील काळी माती डांबरावर येते व चाक घसरते. फाल्गुनात पळस फुललेला असतो. तोच काळ उत्तम. मात्र महाशिवरात्रीच्या यात्रेत येथे शांततेची अपेक्षा ठेवू नये.

भोजपुरास बेतवेच्या काठी परमार राजा भोजाचे अकराव्या शतकातील अपुरे राहिलेले शिवमंदिर आहे. भोवतीच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले मंदिराचे आराखडे अद्याप दिसतात. शिळा वर चढविण्यासाठी घातलेला मातीचा उतारही मंदिरामागे उरला आहे. स्वतः चढ चढून आलेल्याला त्याचे मोल अधिक कळते.