मोटर आणि पंपाची रेषा: डायल की लेसर?

गोव्यातल्या पेडणे तालुक्याला चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून नळाचे पाणी येते. अशा प्रकल्पांतल्या पाण्याच्या मोठ्या पंपांना मोटर कपलिंगने जोडलेली असते. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसले, तर कपलिंगचे रबर झिजते, सील गळते, बेअरिंग तापते.

रेषा जुळवायची जुनी पद्धत डायल गेजची. कंस एका शाफ्टवर बांधायचा, डायलचे टोक समोरच्या कपलिंगच्या कडेला टेकवायचे आणि शाफ्ट हाताने फिरवायचे. वर शून्य ठेवून खाली 0.40 मिमी दिसले, तर खरा फरक त्याच्या निम्मा, 0.20. नवखा फिटर नेमका इथेच फसतो आणि मोटरच्या पायाखाली दुप्पट जाडीची शिम (पातळ पत्रा) घालून मोकळा होतो. शिवाय लांब कंस स्वतःच्या वजनाने वाकतो. तो झोल आधी ताठ पाइपवर मोजून हिशेबात धरावा लागतो. घाईत हे कोण करतो?

लेसरच्या किरणाला झोल नसतो. दोन्ही शाफ्टवर एकेक डबी बसवून फिरवली, की कोणत्या पायाखाली किती शिम हवी ते पडद्यावरच दिसते. निम्मे करण्याची भानगड नाही, नोंदही राहते. मात्र संच लाखांत जातो. डायल काही हजारांत मिळतो.

मोटरचा एक पाय अधांतरी असेल, तर दोन्ही साधने सारखीच हतबल. बोल्ट सैल करून आधी तो तपासा. दोन-चार पंपांच्या कारखान्याला माझ्या मते चांगला डायल आणि सरावलेला हात पुरतो.