गाडीतील कुरकुर : शोधण्याची मजुरी कोण देणार?

"उस्ताद, गाडी कुरकुर करून रायली. कुठून ते समजत नाही." अंजनगाव सुर्जीत कोणत्याही गॅरेजसमोर तासभर बसले की हे वाक्य एकदा तरी कानावर पडते. इंजिन ठीक असते, ब्रेक लागतात, अॅव्हरेजही मिळते, तरी मालक बेजार असतो. मिस्त्री गाडी सुरू करतो, जागेवरच रेस देतो, आवाज येत नाही. मालक म्हणतो, "चालवतो तं येते, थांबलो तं गायब." यापुढे बहुधा दोनच गोष्टी होतात. एक तर "जुनी गाडी आहे, करणारच" असे सांगून त्याला वाटेला लावले जाते, नाही तर अंदाजाने भाग बदलणे सुरू होते.

दुसऱ्या प्रकाराचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. घरच्या जुन्या सात आसनी गाडीत मधल्या सीटजवळून करकर येई. शहरातील एका मोठ्या वर्कशॉपने आधी शॉक अॅब्सॉर्बर बदलले, मग खालच्या आर्मचे बुश बदलले. साडेनऊ हजार रुपये गेले आणि आवाज आमच्यासोबतच अंजनगावला परत आला. येथे एका वयस्क मिस्त्रींनी पाना हाती घेण्यापूर्वी मागे बसून दर्यापूर रोडने चार किलोमीटरची फेरी मारली. परत आल्यावर मधल्या सीटखालची मॅट उचलली. सीटचा मागचा पाय तळाच्या पत्र्याला जेथे बोल्टने बसतो, तेथे पत्र्याला बोटभर चीर गेली होती. त्या सीटवर आमची मुले बसत. कित्येक महिने ती चीर ओरडत होती आणि आम्ही टेपचा आवाज वाढवीत होतो.

म्हणून हा विषय केवळ कानाच्या सुखाचा आहे असे समजू नये.

आतल्या आवाजाच्या मुख्य जाती दोन. पहिली घासण्याची : करकर, कुरकुर, चुंईचुंई. दुसरी आदळण्याची : खडखड, टकटक, खुळखुळ. दुसरी समजण्यास सोपी आहे. दोन वस्तूंत फट आहे, गाडी हलली की त्या एकमेकींवर आपटतात. फट बुजवा किंवा बोल्ट आवळा, आवाज गेला. पहिली जात मात्र चकविते. तेथे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून बसलेले असतात. गाडीचा सांगाडा पिळला की ते क्षणभर धरून राहतात, ताण वाढला की एकदम सुटतात, पुन्हा धरतात. हे धरणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा झाले की कुरकुर ऐकू येते. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. वंगण आटलेली बैलांची बंडी गावाच्या वेशीपासून ऐकू येत असे, तिचेही कारण हेच. अशा ठिकाणी बोल्ट आणखी आवळला तर कित्येकदा आवाज कमी न होता वाढतो, कारण दाब वाढला की पकडही वाढते. नवशिक्या शागीर्दाची पहिली चूक येथेच होते.

आपल्या वऱ्हाडात हा त्रास अधिक का, याला कारणे आहेत. पहिले कारण ऊन. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांपर्यंत तापतो. डिसेंबरच्या पहाटे तोच डॅशबोर्ड 10-12 अंशांवर असतो. 40 अंशांच्या फरकाने एक मीटर लांबीची पोलादी पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते, तर तेवढीच प्लास्टिकची पट्टी तिच्या जातीप्रमाणे तीन-चार मिलिमीटरपर्यंत वाढू शकते. दोन्ही एकमेकांना क्लिपांनी जखडलेल्या. मग क्लिप सैल होणार, कोपरे काचेला घासणार. हिवाळ्यात सकाळी बोलणारी गाडी दुपारी गप्प का होते, त्याचे उत्तर हे आहे.

दुसरे कारण काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला लाटा पडतात. परतवाडा काय नि अकोट काय, कोणत्याही बाजूला निघा. एक चाक वर, एक खाली असा प्रवास होतो आणि सांगाडा सतत पिळतो. शिवाय तिची धूळ इतकी बारीक की दाराच्या रबरी बिडिंगमध्ये, सीटच्या रेलमध्ये आणि काचेच्या खाचेत जाऊन बसते. आणि काळी-पिवळीत किती माणसे बसतात, हे आम्ही येथे लिहिण्याची गरज नाही.

आता शोधण्याची रीत. सर्वांत आधी गाडी रिकामी करावी. हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण जॅक, पाना, स्टेपनी, सीटखालची पाण्याची बाटली, ग्लोव्ह बॉक्समधील चिल्लर, डोअर पॉकेटमधील चष्म्याचे घर यांनी किती गिऱ्हाइकांना गॅरेज दाखविले असेल याची मोजदाद नाही. सीटबेल्टचे लोखंडी टोक खांबावर आपटत असते, तेही बेल्ट लावून किंवा हाताने धरून पाहावे.

नंतर मालकाला खोलात विचारावे. आवाज कोणत्या वेगाला येतो? सरळ रस्त्यावर, वळणावर की स्पीडब्रेकरवर? एकटे असताना की सवारी भरल्यावर? थंडीत की उन्हात? पाऊस पडल्यावर थांबतो काय? शेवटचा प्रश्न मोठ्या कामाचा आहे. ओल्या रबराची करकर बहुधा थांबते, म्हणून पावसात गप्प झालेल्या गाडीत पहिला संशय बिडिंगवर किंवा खालच्या बुशवर घ्यावा. पावसाची वाट पाहण्याचे कारण नाही; बुशवर बाटलीने पाणी मारून फेरी घेतली तरी कळते.

फेरीला दोन माणसे हवीत. चालविणाऱ्याने ऐकू नये आणि ऐकणाऱ्याने चालवू नये. टेप, पंखा, ए.सी. सर्व बंद. ऐकणाऱ्याने आधी पुढे, मग मधे, मग मागे बसावे. आवाज डोळ्यांप्रमाणे सरळ रेषेत सापडत नाही. काच आणि छत त्याला परतवतात, त्यामुळे मागच्या दाराची टकटक पुढे बसलेल्याला डॅशबोर्डमधून आल्यासारखी वाटते. म्हणून कानावर अर्धाच विश्वास ठेवावा आणि उरलेले काम तळहाताने करावे. संशयित पॅनेल दाबून धरावे. आवाज थांबला किंवा बदलला तर चोर जवळ आहे. पेट्रोल पाइपाचा हातभर कोरा तुकडा कानाशी धरून दुसरे टोक सांध्यावरून फिरविले की डॉक्टरांच्या नळीसारखा उपयोग होतो. ही युक्ती फुकटची आहे, पण फारच थोडे मिस्त्री ती वापरतात.

रस्त्यावर न सापडल्यास गाडी जागेवर पिळावी. एका पुढच्या चाकाखाली मजबूत लाकडी ठोकळा घेऊन त्यावर गाडी चढवावी, हँडब्रेक लावावा, बाकीच्या चाकांना अडण लावावी आणि चारही दारे उघडून-मिटून पाहावीत. एखादे दार अडले किंवा कुरकुरले तर त्याची बिजागरी, लॉकचा खुंटा किंवा बिडिंग पाहावे. बिडिंगमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. जेथे ती सहज निघते तेथे दार ढिले, जेथे फाटते तेथे दाब जास्त. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही जाऊ नये.

यानंतर चिकटपट्टीचा प्रयोग. डॅशबोर्ड आणि काच, खांबाचे कव्हर आणि डॅशबोर्ड असे सांधे पेंटरच्या कागदी टेपने एकेक करून बंद करावेत आणि दर वेळी फेरी मारावी. कंटाळवाणे आहे, पण पूर्ण डॅशबोर्ड खोलण्यापेक्षा बरे. खोलताना दोन जुन्या क्लिपा तुटतात आणि एका आवाजाचे तीन होतात.

जागा सापडल्यावर उपाय स्वस्त असतो. प्लास्टिकवर प्लास्टिक घासत असेल तर मधे नमद्याची किंवा फोमची चिकटपट्टी. डॅशबोर्डमागे लोंबणाऱ्या वायरिंगला कापडी टेप. लॉकच्या खुंट्याला थोडे ग्रीस. सीटची रेल आधी ब्रशने व हवेने साफ करून मगच ग्रीस, कारण धुळीवर ग्रीस लावले तर सहाणेवरचा लेप तयार होतो. दाराच्या रबराला सिलिकॉन किंवा साधी शंखजिऱ्याची पूड. येथे आमची एक तक्रार आहे. रबरावर डिझेल किंवा जळके ऑइल फासण्याची चाल आपल्याकडे अजून जात नाही. आवाज त्या दिवशी थांबतो, पण तेलाने रबर फुगते, पिलपिलीत होते आणि काही महिन्यांत दारातून पाणी येऊ लागते. सिलिकॉनचा फवाराही जपून मारावा. स्टिअरिंग, पॅडल, ब्रेक यांवर तो जाता कामा नये. शेजारी पेंटिंगचे काम चालू असेल तर तेथे मुळीच मारू नये. त्याचा अंश पत्र्यावर बसला की नव्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि शेजाऱ्याशी भांडण होते.

नव्या गाड्यांत आणखी एक दक्षता हवी. 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आहे. पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली की हात मागे घ्यावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कंपनीने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय तेथे काम करू नये. बाजूच्या खांबात किंवा छताच्या कडेला एअरबॅग असेल तर त्या कव्हरमागे फोम कोंबू नये, अन्यथा वेळेला ती नीट उघडणार नाही. माहिती नसेल तर "हे काम आमचे नाही" असे सांगण्यात कमीपणा नाही.

राहिला मजुरीचा प्रश्न. आमच्या गाडीला त्या मिस्त्रींनी पत्र्याचे ठिगळ वेल्ड करून घेतले, वर प्रायमर लावला आणि बिलावर साडेसहाशे लिहिले. चार किलोमीटर ऐकण्याचे काहीच लिहिले नव्हते. आम्ही विचारले तर म्हणाले, "ऐकण्याचे पैसे कोण देते?" खरी अडचण हीच आहे. चाळीस रुपयांच्या नमद्यासाठी तीन तास शोधले आणि पाचशे मागितले तर गिऱ्हाईक भांडते. तेच गिऱ्हाईक तीन हजारांचा नको असलेला भाग मात्र मुकाट्याने घेते, कारण भाग हातात धरता येतो. मग गॅरेजवाल्यालाही शोधण्यापेक्षा बदलण्यात फायदा दिसू लागतो. यात दोष दोघांचा आहे, पण सुरुवात गॅरेजने करावी असे आमचे मत आहे. गाडी घेतानाच सांगावे : शोधण्याची मजुरी इतकी, न सापडल्यास निम्मी, दुरुस्ती वेगळी. आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, किती सवारीत येतो हे मालकासमोर कागदावर लिहून घ्यावे आणि काम झाल्यावर त्यालाच शेजारी बसवून त्याच रस्त्याने फेरी मारावी.

बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत. त्यांत इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे पूर्वी झाकली जाणारी प्रत्येक क्लिप त्यांत ऐकू येते. ऑइल बदलणे आणि प्लग साफ करणे यावर पोट भरणाऱ्या गॅरेजांचे ते काम या गाड्यांत उरणार नाही. कुरकुर मात्र राहणार आहे, आणि ती शोधण्यासाठी कॉम्प्युटरही लागत नाही. तरुण मिस्त्रींनी एखाद्या शुक्रवारी, दुकान बंद असताना, आपल्याच गाडीवर कागदी टेप आणि पाइपाचा तुकडा घेऊन हात बसवून पाहावा.