पर्समधला चाकू कशासाठी?

बाईची पर्स म्हणजे छोटंसं घरच असतं. रुमाल, सेफ्टी पिना, टिकल्यांचं पाकीट, डोकेदुखीची गोळी, सुटे पैसे, काय नसतं त्यात! हल्ली मात्र आणखी एका वस्तूबद्दल बायका मला विचारतात. बचत गटाची बैठक संपली की एखादी मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, "ताई, पर्समध्ये चाकू ठेवलेला बरा का हो? पोलीस तर नाही ना धरायचे?" विचारणारीची मुलगी बहुतेक वेळा जालन्याला नाहीतर संभाजीनगरला शिकायला ये-जा करत असते. प्रश्न चाकूचा असला तरी काळजी मुलीची असते. म्हणून आज यावर मोकळेपणाने बोलू या.

तसं पाहिलं तर बाईला पातं काही नवीन नाही. आपल्या आज्यांच्या चंचीत पान-सुपारीसोबत अडकित्ता असायचाच. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंडाची वस्तू ठेवतात, हळदीच्या नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार देतात. शेतात जाणारी बाई विळा-खुरप्याशिवाय निघत नाही. आपल्या देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन मोठ्या प्रमाणावर होतं. तिथे कामाला जाणाऱ्या बायकांच्या पिशवीत डब्याशेजारी चिमटा असतो आणि सुतळी कापायला काहीतरी धारेचंही असतं. त्यांना कुणी "हत्यार कशाला बाळगता?" असं विचारत नाही, कारण ते कामाचं अवजार आहे.

अवजार आणि हत्यार यातला हा फरकच सगळ्यात महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ती भयंकर घटना घडली. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेतर्फे महिलांना स्वसंरक्षणासाठी छोटे चाकू वाटण्यात आले होते. त्या वेळी सगळ्याच आयांच्या मनात भीती होती, त्यामुळे त्यामागची भावना समजते. पण चाकू हातात आला म्हणजे मुलगी सुरक्षित झाली का?

जरा विचार करून बघा. चाकू पर्सच्या तळाशी असतो. अंगावर कुणी धावून आलं तर चेन उघडायची, चाचपडून चाकू काढायचा, पातं उघडायचं. एवढा वेळ कुठला? हात थरथरत असतात. समोरच्याच्या अंगात जोर जास्त असला तर तो चाकू त्याच्याच हातात जायला कितीसा वेळ लागतो? मग जी वस्तू आपल्या रक्षणासाठी घेतली, तीच आपल्यावर उलटते. म्हणून मुलींच्या आयांना मी स्पष्ट सांगते, चाकू जरूर ठेवा, पण कामासाठी ठेवा. त्याच्या भरवशावर एकटीने अंधाराच्या वाटेने जाऊ नका.

आता कायद्याचं बघू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात घरगुती आणि शेतीच्या वापरासाठीच बनवलेल्या वस्तू शस्त्रांत धरलेल्या नाहीत. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून येतात. तिथेही घरकामाची, शेतीची अवजारं वगळली आहेत. म्हणजे फळं कापायच्या लहान चाकूची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण सणावाराला, निवडणुकीच्या काळात किंवा वातावरण तापलेलं असताना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात चाकू आणि काठ्याही येऊ शकतात. अशा आदेशाची बातमी पेपरात असते, ती वाचत जा. आणि वस्तू कितीही घरगुती असली तरी भांडणात उगारली की गुन्हा होतोच, हे विसरू नका.

चाकू कसा असावा? घडीचा, म्हणजे पातं मुठीत मिटणारा. पातं बोटाएवढं, अडीच-तीन इंचांचं पुरे. उघडल्यावर पातं पक्कं बसतं ना, हे घेतानाच बघावं, नाहीतर कापताना ते बोटांवर मिटतं. खटका दाबला की झटकन उघडणारा चाकू घेऊ नका. तो कामाला कमी आणि संशयाला जास्त.

ठेवायचा कुठे? पर्सच्या आतल्या, चेनच्या कप्प्यात, जाड कापडाच्या छोट्या पिशवीत. मोबाईल आणि किल्ल्यांसोबत सुटा टाकू नका. ब्लाऊजमध्ये किंवा कमरेला खोचून तर अजिबात नको. गाडीवर मागे बसताना, एसटीत चढताना एक धक्का लागला तरी इजा होईल. घरी आलं की पर्स लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. दुसरीला चाकू देताना मिटून द्या. लिंबू, पेरू कापल्यावर लगेच धुऊन कोरडा करा, नाहीतर पातं गंजतं. अधूनमधून सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. आणि धार नीट ठेवा, कारण बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो आणि तोच निसटून हात कापतो.

कोर्टात, परीक्षा केंद्रावर, मतदानाला जाताना चाकू घरीच काढून ठेवावा. विमानात हातातल्या बॅगेत तो चालत नाही, आधीच जमा करायच्या सामानात टाकावा. बालाजी महाराजांच्या यात्रेसारख्या गर्दीत तर त्याचं कामच काय?

मग उपयोग कधी? प्रवासात फळ कापायला, पार्सलची दोरी तोडायला. आणि एक फार मोठा उपयोग आहे. दुचाकीवर मागे बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकात अडकते आणि गळ्याला फास बसतो. अशा वेळी आधी गाडी बंद करायची आणि ओढणी चाकाच्या बाजूने, गळ्यापासून लांब कापायची. यासाठी बोथट टोकाची छोटी कात्री चाकूपेक्षाही चांगली. माझ्या मते प्रत्येकीच्या पर्समध्ये ती असावीच.

राहिला प्रश्न मुलीच्या रक्षणाचा. कोणत्या गाडीने येणार हे तिने घरी कळवावं. संकट आलं तर जीव खाऊन ओरडावं, माणसं असतील तिकडे पळावं, ११२ लावावा. महिलांसाठी १८१ हा क्रमांकही आहे. दोन्ही क्रमांक तिला तोंडपाठ हवेत. जीव वाचवण्यासाठी प्रतिकार करायचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे, मात्र गरजेपुरताच. आणि आयांनो, छेडछाडीची गोष्ट मुलीने घरी सांगितली की "तूच नीट राहा" असं म्हणू नका. "तुझं कॉलेज बंद" असंही म्हणू नका. तसं झालं की मुली पुढचं काही सांगतच नाहीत, आणि धोका खरा तिथेच वाढतो. पर्समध्ये चाकू असो वा नसो, घरी आल्यावर सगळं सांगता येईल एवढा विश्वास तिच्या मनात असलाच पाहिजे.