बर्फावर जाताना डोक्याची खबरदारी

काश्मीरची सहल म्हटली की पूर्वी आपल्या घरांत दल सरोवर, शिकारा आणि मोगल बागा एवढीच चर्चा व्हायची. आता मुले वेगळेच विचारतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही गुलमर्गला निघालो, तेव्हा माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने आधीच जाहीर केले होते, "अम्मी, मी घोड्यावर बसणार नाही, मी स्कीइंग शिकणार."

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत तिथे चांगला बर्फ असतो. नवशिक्यांसाठी सौम्य उतार आहेत आणि शिकवणारे स्थानिक प्रशिक्षकही मिळतात. बूट, स्की, काठ्या सगळे भाड्याने मिळते. हेल्मेट मात्र मागावे लागते, कारण बरेच पर्यटक ते घेतच नाहीत. आम्ही मागितले तेव्हा दुकानदाराने एका ढिगातून एक उचलून मुलीच्या लोकरी टोपीवरच चढवले आणि म्हणाला, "एकदम फिट!" तिने मान हलवली आणि हेल्मेट सरळ डोळ्यांवर आले. तिच्या अब्बांनी ते हातात घेऊन उलटे केले, तर आतल्या पांढऱ्या फोमला आरपार चीर! आम्ही ते तिथेच परत ठेवले आणि दुसरे शोधायला निघालो. त्या शोधात आणि नंतर घरी वाचून जे समजले, ते आपल्या वाचक भगिनी-बांधवांना सांगावेसे वाटले.

हेल्मेट खरेच लागते का?

"हळूच तर जाणार आहे, हेल्मेट कशाला?" असे वाटणे साहजिक आहे. इंग्लिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडातील माँ त्रांब्लां येथे नवशिक्यांच्या उतारावरच स्कीइंग शिकत होत्या. डोक्यावर हेल्मेट नव्हते. पडल्यावर त्या हसत उठल्या, डॉक्टर नको म्हणाल्या. काही वेळाने डोके दुखू लागले. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

हेल्मेटचा उपयोग किती, याचा नॉर्वेत मोठा अभ्यास झाला. तेथील ८ स्की केंद्रांवर २००२ च्या हंगामात जखमी झालेल्यांची तुलना जखमी न झालेल्यांशी केली गेली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हेल्मेट घालणाऱ्यांना डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला.

पण हेल्मेट म्हणजे कवच-कुंडले नव्हेत. फॉर्म्युला वनचा विजेता मायकेल शूमाकर डिसेंबर २०१३ मध्ये फ्रान्समध्ये स्कीइंग करताना खडकावर आदळला, तेव्हा त्याने हेल्मेट घातलेले होते; तरीही मेंदूला गंभीर इजा झाली. याचे एक कारण समजून घ्यायला हवे. स्की हेल्मेटची चाचणी करताना ते साधारण ताशी २० ते २२ किलोमीटर वेगाने कठीण पृष्ठभागावर आदळवतात. उतारावर सरावलेला माणूस याच्या दुपटीहून अधिक वेगाने सहज जातो. म्हणून हेल्मेट घातले की वेग वाढवायला हरकत नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

मोटारसायकलचे चालेल का?

आपल्या घरात दुचाकीचे हेल्मेट असतेच, तेच बॅगेत टाकावे असा मोह होतो. ते करू नये. ते जड असते, त्यात आजूबाजूचे कमी दिसते आणि मागून येणाऱ्याचा आवाज नीट ऐकू येत नाही. स्कीचे हेल्मेट साधारण अर्धा किलोच्या आसपास असते. सायकलचे हेल्मेटही चालत नाही. ते कानांभोवती आणि मागे कमी झाकते आणि बर्फातल्या थंडीसाठी तपासलेले नसते. स्कीच्या हेल्मेटची चाचणी शून्याखाली २५ अंशांपर्यंत गारठवूनही केली जाते.

म्हणून आतले लेबल पाहावे. युरोपीय मानक 'ईएन १०७७' किंवा अमेरिकन मानक 'एएसटीएम एफ२०४०' यांपैकी एक तरी छापलेले असावे. युरोपीय मानकात 'ए' आणि 'बी' असे दोन वर्ग आहेत. 'ए' वर्गाचे हेल्मेट कानांसकट डोक्याचा अधिक भाग टणक कवचाने झाकते. 'बी' वर्गात कानांवर मऊ पट्ट्या असतात. ते हलके असते आणि त्यात ऐकू चांगले येते. काही हेल्मेटांवर 'मिप्स' लिहिलेले असते. त्यात आत एक सरकणारा पातळ थर असतो. डोके तिरके आपटल्यावर मेंदूला बसणारा पीळ कमी व्हावा, हा त्याचा हेतू. परवडत असेल तर घ्यावे, पण माप चुकले तर 'मिप्स' असूनही उपयोग नाही.

माप कसे घ्यावे?

शिंप्याची टेप भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर ठेवून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून गोल फिरवावी. जे सेंटिमीटर येतील, त्यानुसार माप निवडावे. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, म्हणून घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

• पट्टा न लावता डोके हलवावे. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट एकटे फिरत असेल तर ते मोठे आहे.
• पुढची कड भुवयांच्या किंचित वर असावी, कपाळ उघडे राहू नये.
• हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर आत एक-दोन बोटेच जावीत.
• गॉगल लावून पाहावा. गॉगल आणि हेल्मेटमध्ये फट नको.
• मुलांसाठी शाळेच्या गणवेशासारखे 'वाढत्या अंगाचे' हेल्मेट घेऊ नये.

स्नोबोर्ड शिकणारे बहुधा मागे पडतात आणि डोक्याचा मागचा भाग आपटतो. त्यांनी मागची बाजू खाली मानेपर्यंत नीट झाकली जाते ना, हे विशेष पाहावे.

स्कार्फ आणि टोपी

जाड लोकरी टोपी हेल्मेटखाली घालू नये, पकड सैल होते. थंडीसाठी हेल्मेटला आतून अस्तर असतेच. आपल्या मुलींनी व भगिनींनी पातळ, एकपदरी, ताणणाऱ्या कापडाचा हिजाब घालावा. डोक्यावर टाचण्या किंवा क्लिपा नकोत. आपटल्यावर त्याच टोचतात. वरचा अंबाडा सोडून केसांची वेणी मानेजवळ खाली ठेवावी. स्कार्फची टोके जॅकेटच्या आत खोचावीत, म्हणजे लिफ्टमध्ये अडकणार नाहीत. आणि माप घेताना हिजाब घातलेलाच असावा.

भाड्याचे घेताना

आतला फोम एकदाच जोराचा मार सोसतो. तो दबला किंवा चिरला की हेल्मेट बाद, बाहेरून कितीही चकचकीत दिसो. म्हणून उलटे करून चीर, खड्डा, तुटलेला पट्टा पाहावा. स्टिकरांनी किंवा रंगाने झाकलेले हेल्मेट टाळावे. दर वर्षी बर्फावर जाणारे असाल तर स्वतःचेच घेणे बरे.

पडल्यानंतर

डोके आपटले तर त्या दिवशीचे स्कीइंग तिथेच थांबवावे. मूल "मला काही झाले नाही" म्हणाले तरी पुढचे २४ तास लक्ष ठेवावे, एकटे सोडू नये. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, हातापायात अशक्तपणा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांपैकी काहीही दिसले तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

आम्हाला तिसऱ्या दुकानात योग्य हेल्मेट मिळाले. पाऊण तास गेला, मुलगी वैतागली. संध्याकाळी मात्र तीच सांगत होती की ती मागे पडली, डोके बर्फावर आपटले आणि 'टक' असा आवाज आला. आम्ही त्या दिवशी तिला पुन्हा उतारावर जाऊ दिले नाही आणि रात्री दोनदा उठवून पाहिले. सकाळी ती भुकेली उठली आणि आधी कहवा, मग पराठा मागू लागली. अल्हम्दुलिल्लाह, तो पाऊण तास वाया गेला नव्हता.